जुना मोबाईल डब्याच्या बदल्यात देण्यापूर्वी

आमच्या टेंभुर्णीत (सोलापूरकडची नव्हे, जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्याची टेंभुर्णी) आठ-पंधरा दिवसांनी एक मोटारसायकलवाला येतो. गाडीच्या मागे स्टीलचे डबे, प्लास्टिकचे टब, घमेली बांधलेली आणि हँडलला भोंगा. बंद पडलेला, फुटलेला, पाण्यात पडलेला कसलाही मोबाईल द्या आणि डबा घेऊन जा, असे तो भोंगा एकसुरात सांगत फिरतो. आपल्या वस्तीत त्याला गिऱ्हाईक बरे मिळते. घरोघरी पेटीच्या तळाशी असे दोन-तीन मोबाईल पडलेले असतातच, आणि डबा मात्र रोज लागतो. त्यात आयाबायांचे काही चुकते असे आम्ही म्हणणार नाही.

यंदाच्या भीमजयंतीच्या आधी पंधरा दिवसांची गोष्ट. वस्तीत रंगसफेदी चालू होती. शेजारच्या घरातील सूनबाईंनी पेटी रिकामी केली, तेव्हा तळाला एक जुना नोकिया निघाला. भोंगा दारात आलाच होता. पाच किलोच्या डब्यावर सौदा ठरतही आला होता. तेवढ्यात त्यांची दहावीतली मुलगी आडवी पडली. मोबाईल हातातून ओढून घेऊन ती थेट आमच्या ओट्यावर आली आणि म्हणाली, "काका, ह्याच्यात पणजी आहे."

तिची पणजी म्हणजे आमच्या वस्तीच्या आक्का. त्या २०१३ साली वारल्या, तेव्हा ही पोर तीन वर्षांची होती. तिला आक्का आठवत नाहीत. घरात आक्कांचा एकच फोटो आहे. मतदार ओळखपत्रावरचा अंगठ्याएवढा फोटो त्यांच्या पश्चात स्टुडिओत मोठा करून घेतला, तो. मूळ फोटोत डोळे अर्धवट मिटलेले. स्टुडिओवाल्याने ते रंगाने उघडले आणि अंगावर एक जांभळी साडीही चढवली. आक्कांनी जन्मात तसली साडी नेसली नव्हती. पोरीने वडिलांकडून लहानपणापासून ऐकले होते की मोबाईलमध्ये आक्कांचा बोलतानाचा व्हिडिओ आहे. तो मोबाईल डब्याच्या बदल्यात चालला म्हटल्यावर तिने आडवे पडणे रास्तच होते.

वाचकहो, त्या दिवसापासून पुढचे तीन आठवडे आम्ही या जुन्या मोबाईलचा कॅमेरा आणि व्हिडिओ तपासण्यात घालवले. आम्ही काही त्या विषयातले तज्ज्ञ नव्हे. हिशेबाच्या वह्या सांभाळणारा माणूस जशी एकेक नोंद ताळ्यावर घेतो, तसे घेतले एवढेच. जे हाती आले ते कुटुंब पानाच्या वाचकांना उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहोत.

मोबाईल होता नोकिया एन-७३. हे मॉडेल २००६ साली बाजारात आले. पोरीच्या वडिलांनी वाळूजला कंपनीत असताना २००८ साली तो एका सहकाऱ्याकडून जुना विकत घेतला होता. त्या काळी हा मोबाईल खिशात असणे मोठ्या ऐटीचे समजले जाई. पाठीवर एक सरकती झडप. झडप सरकवली की खालून भिंग दिसे आणि कॅमेरा आपोआप सुरू होई. भिंग कार्ल झाईस या नामांकित जर्मन कंपनीचे, कॅमेरा ३.२ मेगापिक्सेलचा. फोटो काढण्याचे बटण अर्धे दाबले की समोरच्या चेहऱ्यावर नजर स्थिर करायचा आणि पूर्ण दाबले की फोटो घ्यायचा. नोकियाने कॅमेरा अंगातच बसवलेला आपला पहिला मोबाईल, ७६५०, २००२ साली काढला होता. त्यानंतर चारच वर्षांत एवढी मजल गेली होती.

पहिली अडचण चालू करण्याचीच. बॅटरी काढून पाहिली तर ती मधोमध फुगलेली. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये, टाचणीने टोचून "हवा काढण्याचा" उद्योग तर कधीच करू नये. ती पेट घेऊ शकते. घरातल्या पोराटोरांच्या हाती तर ती अजिबात देऊ नये. आम्ही ती बाजूला ठेवली आणि आधी कार्ड पाहायचे ठरवले. या मोबाईलचे कार्ड मिनी-एसडी जातीचे, आजच्या कार्डापेक्षा थोडे मोठे. ते आजच्या मोबाईलमध्ये बसत नाही. त्याला एक खोबण मिळते, तीत घालून संगणकाला लावता येते. जालन्याच्या एका दुकानात जुन्या सामानाच्या खोक्यात ती खोबण सापडली.

कार्डात ३१२ फोटो निघाले, दोनशेच्या वर गाणी निघाली, लग्नाचे चार-पाच तुकडे निघाले. आक्कांचा व्हिडिओ काही निघाला नाही. पोरीचे तोंड एवढेसे झाले. तिच्या आईने "मी म्हनलंच होतं" अशा नजरेने आमच्याकडे पाहिले. डबा गेला होता ना!

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुन्या मोबाईलमध्ये दोन ठिकाणी साठा असतो. एक कार्डात आणि एक मोबाईलच्या पोटात. एन-७३ च्या पोटात जागा होती जेमतेम ४२ एमबी, पण फोटो-व्हिडिओ कुठे ठेवायचे ते मालकाने सांगितलेले असे. कार्ड नंतर विकत घेतले असेल तर आधीचे सगळे पोटातच राही. कार्ड काढून घेतले म्हणजे सर्व काढून घेतले, असे समजणारे आम्हीही होतोच. दुरुस्तीच्या एका दुकानदाराने तर "सॉफ्टवेअर मारून देतो, एकदम नवा होईल" असे सांगितले होते. नवा झाला असता खरा, पण पोट धुऊन निघाले असते. सॉफ्टवेअर मारायला कधीच होकार देऊ नका. आधी आतले बाहेर काढा, मग मोबाईलचे काय व्हायचे ते होवो.

मग बॅटरीचा शोध. बीपी-६एम असा तिचा क्रमांक. त्याच मापाची नवी बॅटरी मागवून घेतली, ती यायला सहा दिवस लागले. बारीक पिनेचा चार्जर आमच्या वस्तीतच एका आजोबांच्या साध्या मोबाईलचा मिळाला. लावला. पडदा उजळला, दोन हात एकमेकांत गुंफताना दिसले, ती जुनी धून वाजली, आणि ओट्यावर जमलेल्या दहा-बारा जणांत एकदम शांतता पसरली. घड्याळात तारीख भलतीच होती, कारण इतकी वर्षे वीज नसल्याने त्याचे पंचांग विसरले होते. पण पोटात व्हिडिओ होता. तीन मिनिटे चाळीस सेकंदांचा, दहा एमबीच्या आसपास. ब्लूटूथने तो आजच्या मोबाईलवर घेतला आणि तिथून लगेच संगणकावर.

आता त्या व्हिडिओचा आणि त्या कॅमेऱ्याचा गुणदोष सांगतो.

आधी फोटोचे. आम्ही एन-७३ आणि घरातील एक आजचा, कमी किमतीचा मोबाईल असे दोन्ही घेऊन एकाच जागेचे, एकाच वेळी फोटो काढले. सकाळी नऊच्या उन्हात विहाराच्या पायरीवर बसलेल्या उपासिकांचा फोटो जुन्या मोबाईलने असा काढला की पाहणाऱ्यांना कोणता कशाचा ते पटकन सांगता येईना. पांढरी लुगडी पांढरीच आली, निळा झेंडा जरा जास्तच निळा आला, पण डोळ्याला बरा वाटला. या मोबाईलच्या फोटोत सुमारे ३१ लाख बिंदू असतात. त्यातून पाच बाय सात इंचाचा प्रिंट स्वच्छ निघतो. भिंतीवर लावायला तेवढा पुरे. २००८ च्या जयंतीचे त्यातले फोटो आम्ही तसे काढून घेतले. सतरा-अठरा वर्षांपूर्वीची आमची मंडळी, आज यातील अकरा जण हयात नाहीत, पण चेहरे ओळखू येतात. काही घरांत तर असे फोटो प्रथमच गेले.

ऊन गेले की मात्र या कॅमेऱ्याची रया जाते. ट्यूबलाईटखाली खोलीत फोटो काढला तर भिंतीवर वाळू पेरल्यासारखे कण दिसतात. त्याचे कारण साधे आहे. प्रकाश टिपणारी आतली चकती नखापेक्षाही लहान. तीवर उजेड कमी पडला की मोबाईल तो ओढूनताणून वाढवतो आणि उजेडाबरोबर कचराही वाढतो. एलईडीचा दिवा आहे, पण त्याचा पल्ला हात-दीड हात. दहा फुटांवरच्या व्यासपीठाकडे तो रोखून धरणारे कार्यकर्ते आम्ही त्या काळी पुष्कळ पाहिले. पहिल्या रांगेतल्या लोकांची डोकी तेवढी उजळत. जयंतीची मिरवणूक तर रात्रीचीच. त्या ३१२ पैकी मिरवणुकीचे चाळीसेक फोटो म्हणजे काळोखात तरंगणारे पिवळे-निळे गोळे आहेत.

व्हिडिओकडे वळताना मोठा धक्का बसतो. फोटो एवढा चांगला आहे म्हणजे व्हिडिओही तसाच असणार, असे कोणालाही वाटेल. तसे नाही. फोटोत ३१ लाख बिंदू, पण व्हिडिओच्या एका चित्रात ३५२ गुणिले २८८, म्हणजे जेमतेम एक लाख. आजचा साधा मोबाईलही व्हिडिओच्या एका चित्रात वीस लाखांवर बिंदू भरतो. या जुन्या व्हिडिओतले एक चित्र काढून फोटोसारखे छापायचे म्हटले तर ते पोस्टाच्या तिकिटाएवढेच स्वच्छ छापून येईल. त्यातही सेकंदाला चित्रे फक्त पंधरा. सिनेमात ती चोवीस असतात. त्यामुळे माणूस स्थिर बसून बोलत असेल तर ठीक, पण लेझीम खेळणाऱ्या मुली जुन्या व्हिडिओत अशा दिसतात की हात इथे आणि सावली तिथे.

आणखी एक मेख होती. सेटिंगमध्ये व्हिडिओचा दर्जा तीन प्रकारचा असे. उच्च, साधा आणि संदेशातून पाठवण्यापुरता. शेवटच्या प्रकारात व्हिडिओ लहानसा होऊन थोड्याच वेळात थांबे. पुष्कळांच्या मोबाईलवर तोच लावलेला असे, कारण जागा वाचे. आक्कांचा व्हिडिओ उच्च दर्जाचा होता हे आमचे नशीब म्हणायचे की नातवाची हुशारी? त्याला विचारले तर तो म्हणतो, "मला काय माहीत काका, ज्यांच्याकडून घेतला त्यांनीच लावलं असंल."

आवाज मात्र या मोबाईलने राखला. हाताच्या अंतरावर बसून बोललेला शब्द नि शब्द कळतो. दहा फुटांवर गेले की निम्मे शब्द हवेत जातात, आणि डीजेपुढे धरला की नुसती घरघर. आम्ही विहारात तिन्ही अंतरांवर त्रिशरण-पंचशील म्हणवून घेऊन ही परीक्षा केली. भिक्खू संघ मुक्कामी असता तर त्यांचीही गंमत झाली असती.

तेव्हा आज कोणी विचारील की कॅमेऱ्यासाठी असा मोबाईल घ्यावा काय, तर आमचे स्पष्ट उत्तर, नाही. शहरात म्हणे कॉलेजची मुले जुन्या कॅमेऱ्यांचा तसा शोध घेत असतात, जुना रंग पाहिजे म्हणून. त्यांची हौस त्यांना लखलाभ. कष्टकरी घराने चार पैसे त्यात घालू नयेत. पण जो घरात पडून आहे, त्याच्या कॅमेऱ्याची किंमत डब्याने करू नये. ती किंमत आतमध्ये कोण आहे त्यावर ठरते.

आता आत काय आहे ते सांगतो. आक्का ओट्यावर बसल्या आहेत, पुढ्यात सुपात तुरीची डाळ. नातू नवा मोबाईल दाखवण्याच्या भरात चित्र घेतो आहे. आक्का आधी म्हणतात, "काय करतो रे लेकरा, उजेडात मुतायला बसल्यावानी तोंडासमोर धरलंस." (हे वाक्य छापावे की नाही यावर आमच्या घरात चर्चा झाली. आक्कांचेच बोलणे आहे, तेव्हा राहू द्यावे असे ठरले.) मग नातू विचारतो, आक्का, जेलात गेलतीस ते सांग. आणि आक्का डाळ पाखडता पाखडता सांगू लागतात.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला, त्यानंतर मराठवाड्यात गावोगाव आपल्या लोकांची घरे जळाली, आणि नाव प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. मधल्या सोळा वर्षांत किती माणसे सत्याग्रहाला गेली, किती तुरुंगात गेली याचा हिशेब पुस्तकांतून थोडाबहुत मिळतो. पण तो बहुतेक पुढाऱ्यांचा. टेंभुर्णीच्या परिसरातून सात बाया लेकरे घरी ठेवून सत्याग्रहाला गेल्या आणि हर्सूलच्या तुरुंगात आठ दिवस राहिल्या, हे कुठेही लिहिलेले नाही. आक्का त्या व्हिडिओत स्वतः धरून सातही जणींची नावे घेतात. कोणाच्या कडेवर तान्हे मूल होते, कोणाच्या नवऱ्याने परत आल्यावर दोन दिवस घरात घेतले नाही, आणि तुरुंगात भाकरी कशी मिळे, हेही सांगतात.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हाला त्यांच्या स्वतःच्या नावाखेरीज चार नावे कळली. कानाला हेडफोन लावून, संगणकावर वेग कमी करून पाच-सहा वेळा ऐकले तेव्हा पाचवे उमगले. सहाव्या नावाच्या वेळी नेमका रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला आहे. आक्कांचे ओठ हलताना दिसतात. पण एक लाख बिंदूंत ओठांवरून नाव वाचता येत नाही.

हे पाहताना आम्हाला नामदेव व्हटकर आठवले. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तिचे चित्रीकरण या माणसाने पदरचे पैसे घालून केले. त्या काळी चित्रीकरण म्हणजे कॅमेरा, फिल्मचे रीळ, धुलाई, सगळ्याचा खर्च. दुसऱ्या कोणी ते काम अंगावर घेतले नसते तर तो जनसागर आपल्याला आज डोळ्यांनी दिसला नसता. फिल्म काळीपांढरी आहे, जुनी आहे, म्हणून तिचा दर्जा कोणी काढत बसत नाही. बीबीसीने १९५५ साली घेतलेल्या मुलाखतीतला बाबासाहेबांचा आवाज आपण ऐकतो, तेव्हाही नाही. आता बाबासाहेब कुठे आणि आमच्या आक्का कुठे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण ज्यांच्या बळावर बाबासाहेबांचे नाव त्या विद्यापीठाच्या कमानीवर चढले, त्यांत आक्का होत्या, आणि त्यांच्यासाठी कोणी व्हटकर येणार नव्हता. नातवाचा सेकंडहँड मोबाईल आला.

पुढचा प्रसंग जरा वादाचा आहे. जयंतीला विहारात आक्कांचा फोटो लावावा असे मंडळाने ठरवले. व्हिडिओतून फोटो काढायचा तर तो तिकिटाएवढा. कार्डात आक्कांचा एक फोटो होता, पण रात्रीच्या लग्नातला, कणाकणांचा. तेव्हा मंडळातल्या एका उत्साही तरुणाने तो मोबाईलवरच्या एका अॅपमध्ये घातला. फोटो आपोआप स्वच्छ करून देणारी अशी अॅप हल्ली आली आहेत. पाच मिनिटांत झकास फोटो आला. चेहरा तुकतुकीत, डोळे पाणीदार, दात एका ओळीत. सगळ्यांनी वाहवा केली. पोरगी मात्र म्हणाली, "काका, गोंदण कुठं गेलं?"

आक्कांच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवे गोंदण होते. यंत्राला ते कचरा वाटले असावे. त्याने पुसून टाकले. सुरकुत्या पुसल्या, समोरचा पडलेला दातही बसवून दिला. स्टुडिओवाल्याने साडी बदलली होती, याने माणूसच बदलला. तो तरुण वाईट हेतूचा नाही, त्याने मेहनत घेतली होती, म्हणून आम्हाला बोलणे जड गेले. पण बोलावे लागले. हे यंत्र जुना चेहरा धुऊन काढत नाही. त्याने आजवर पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांवरून अंदाजाने नवा चेहरा काढून तिथे बसवते. त्या हजारोंत गोंदणाच्या, उन्हात राबलेल्या बाया किती असतील? मंडळाची बैठक दोन तास चालली. काही म्हणाले, फोटो सुंदर दिसतो, पाहुण्यांपुढे बरा वाटतो. शेवटी आक्कांच्या नातवानेच निकाल लावला. तो म्हणाला, "ही बाई माझी आक्का न्हाई." कणाकणांचा फोटो पाच बाय सातमध्ये छापला आणि तोच लावला. दोन पावले मागे होऊन पाहिला तर कण दिसत नाहीत, आक्का दिसतात.

ज्यांच्या घरी असे मोबाईल आहेत त्यांच्यासाठी चार शब्द. आतले फोटो काढून घेतले की ते व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे टाकून "जपले" असे समजू नका. तिथे फोटो आणि व्हिडिओ दाबून लहान केले जातात, आणि जुना व्हिडिओ आधीच लहान असतो. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे जसेच्या तसे जातात. थ्रीजीपी नावाची जुनी फाईल आजच्या मोबाईलवर उघडली नाही तर घाबरू नका, व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर ती बहुधा उघडतो. एक प्रत पेनड्राईव्हवर, एक संगणकावर, एक नातेवाइकाच्या घरी असावी. मोबाईलने फाईलवर टाकलेल्या तारखेवर विश्वासू नका. घड्याळ चुकलेले असेल तर तारीखही चुकते. घरात जाणते माणूस आहे तोवर त्याच्याजवळ बसून कोणता फोटो कधीचा, कोण कोणाशेजारी उभे, ते वहीत लिहून घ्या. आम्ही त्या ३१२ फोटोंची वही केली, पोरीच्या हस्ताक्षरात. सव्वीस चेहरे अजून ओळखायचे आहेत. आणि हे सगळे झाल्यावर मोबाईल खुशाल डब्यावर द्या. फक्त फुगलेली बॅटरी त्यात देऊ नका, तो भोंगेवालाही आपल्यासारखाच पोटासाठी फिरणारा माणूस आहे. पोरीच्या आईने मात्र आता मोबाईल द्यायला साफ नकार दिला आहे. डबा आम्ही आणून दिला.

राहता राहिले सहावे नाव. पाच नावांपैकी एक बाई हयात आहेत असे चौकशीअंती कळले. भोकरदन तालुक्यात लेकीकडे असतात, वय ऐंशीच्या पुढे. जयंती झाल्यावर दुसऱ्या रविवारी आम्ही, आक्कांचा नातू आणि ती पोरगी असे तिघे गेलो. म्हातारीला नीट दिसत नाही. पोरीने मोबाईल समोर धरला तर त्यांनी हाताने तो बाजूला सारला, "मला काय दिसतंय त्यात." मग आवाज लावला. आक्का बोलू लागल्या तशी म्हातारीने मान वर केली. नावे आली. स्वतःचे नाव आले तेव्हा त्या हसल्या. ट्रॅक्टर आला आणि गेला. आम्ही थांबवून विचारले, इथे कोणाचे नाव घेतले असेल? त्यांनी क्षणाचाही वेळ न लावता सांगितले. वर हेही सांगितले की त्या बाईच्या कडेवर मूल नव्हते, मूल होते ते ह्यांच्या स्वतःच्या कडेवर, आणि आक्का ते चुकीचे सांगते आहे.

घरच्यांना विचारल्याशिवाय ती नावे आम्ही इथे देत नाही. विचारणे चालू आहे. त्या दिवशी आम्ही म्हातारीचे बोलणे आजच्या मोबाईलवर टिपले, बावीस मिनिटे, दारात उजेडाकडे तोंड करून, हाताच्या अंतरावर. पोरीने धरला होता. निघताना म्हातारीने तिचा हात सोडला नाही. म्हणाली, "तिचं पुन्यांदा लाव गं. अन् मोठ्यानं लाव." पोरीने हेडफोनची एक वायर त्यांच्या कानात घातली, दुसरी स्वतःच्या, आणि आम्ही बसची वेळ जाऊ दिली.